तिरुवल्लिकेणीच्या भिंती काय सांगतात?

चेन्नईला गेलात की मरीना बीच तुम्ही बघणारच. पण समुद्राकडे जाण्याआधी सकाळचे दोन तास तिरुवल्लिकेणीसाठी ठेवा. इंग्रजांना हे नाव झेपलं नाही, म्हणून त्यांनी ‘ट्रिप्लिकेन’ केलं. मूळ नावाचा अर्थ सुंदर आहे: ‘तिरु’ म्हणजे पवित्र, ‘अल्ली’ म्हणजे कुमुद, ‘केणी’ म्हणजे तळं.

सुरुवात पार्थसारथी मंदिरापासून करा. इथला कृष्ण अर्जुनाचा सारथी आहे आणि त्याला चक्क भरघोस मिशा आहेत! दर्शन झालं की लगेच बाहेर पडू नका. या मंदिरात पल्लव राजा दंतिवर्मनच्या काळातला, म्हणजे सुमारे बाराशे वर्षांपूर्वीचा शिलालेख आहे. चेन्नईतल्या सर्वांत जुन्या शिलालेखांपैकी हा एक. आता एवढा जुना लेख म्हणजे राजाचे पराक्रम असणार, असं वाटतं ना? तसं नाही. देवळाची जमीन पुजाऱ्यांनी गहाण टाकली, त्यामुळे देवाचा भाताचा नैवेद्य अडला, मग एका माणसाने ती जमीन सोडवून नैवेद्य पुन्हा सुरू केला, अशी ती नोंद आहे. सातबाऱ्यावरचा बोजा उतरवताना ज्यांची दमछाक झाली आहे, त्यांना हा लेख अगदी घरचा वाटेल.

तिथून जवळच वालाजाह मशीद आहे, १७९५ ची. अर्काटच्या नवाब घराण्याने बांधलेली. तिच्यावरच्या फारसी लिपीतल्या लेखात एक गंमत दडली आहे. या लिपीत प्रत्येक अक्षराला एक आकडा असतो. ‘ईश्वराचं स्मरण सर्वांत थोर’ अशा अर्थाच्या त्या शब्दांतल्या अक्षरांची बेरीज केली की १२०९ येते, आणि तेच मशीद बांधल्याचं हिजरी वर्ष! हे कोडं रचणारा होता नवाबाचा हिंदू मुन्शी, राजा मक्खनलाल ‘खिरत’. मुलं बरोबर असतील तर त्यांना हे नक्की सांगा.

मंदिरामागच्या तुळसिंग पेरुमाळ कोविल रस्त्यावर महाकवी सुब्रमण्य भारतींचं शेवटचं घर आहे. आता ते स्मारक आहे. देवळातल्या हत्तीला ते प्रेमाने खाऊ घालत. १९२१ मध्ये त्याच हत्तीने त्यांना पाडलं. त्या दुखापतीतून ते सावरले, पण त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आजारपणात गेले. वय अवघं ३८. आपल्यासाठी महत्त्वाचं म्हणजे हा तमिळ कवी टिळकांचा कट्टर अनुयायी होता. १९०७ च्या सुरत काँग्रेसला तो गेला होता. शिवाजी महाराज आपल्या सैन्याशी बोलत आहेत, अशी कविताही त्याने लिहिली.

आता समुद्राकडे चला. वाटेत ‘आइस हाउस’ लागेल. अमेरिकेहून जहाजाने आलेला बर्फ साठवण्यासाठी १८४२ मध्ये बांधलेली ही इमारत. १८९७ मध्ये विवेकानंद इथे राहिले आणि पुढे इमारतीला त्यांचं नाव मिळालं. बर्फ कधीच वितळला, तरी लोकांच्या तोंडी ‘आइस हाउस’ टिकून आहे.

आणि शेवटी वाळू. स्वदेशीच्या काळात याच किनाऱ्यावर सभा भरत. १९०७ मध्ये बिपिनचंद्र पाल इथे बोलले, ते भारतींच्या पुढाकाराने. सभेच्या त्या जागेला लोकांनी पुण्याच्या टिळकांचं नाव दिलं. मात्र वाळूला ना भिंत, ना कोनाडा. नाव कोरायचं कुठे? मरीनावर फिरणाऱ्या हजारोंना पुढे त्या नावाचा पत्ताच राहिला नाही. ते परत मिळवण्यासाठी चेन्नईतल्याच लोकांना पाठपुरावा करावा लागला. आता तिथे स्मृतिशिला आहे. फक्त विचारताना ‘लोकमान्य’ म्हणू नका, कुणाला कळणार नाही. ‘तिलगर तिडल’ म्हणा. ‘तिडल’ म्हणजे मोकळं मैदान, आणि ‘तिलगर’मधला शेवटचा ‘र’ आपल्या ‘टिळकराव’मधल्या ‘राव’सारखा, आदराचा.