एसी बंद, तरी कॉम्प्रेसर चालूच?

मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे गेला की जळगाव-अजिंठा रस्त्यावर, पहूरच्या आसपास, एसी चालू असताना कॉम्प्रेसर थांबत नसेल तर तो बिघाड नव्हे. उन्हाचा भारच तेवढा असतो. खरी गडबड बटण बंद केल्यावर कळते. समोरच्या काचेवर हवा सोडलेली नाही ना, हे आधी पाहा. बऱ्याच गाड्यांत त्याने कॉम्प्रेसर आपोआप सुरू होतो.

मग बॉनेट उघडा, पण गळ्यातला गमछा काढून. पट्ट्यावरची पुली फिरणारच. बघायची ती तिच्या पुढची क्लचप्लेट. तीही फिरत असेल तर इंजिन बंद करून फ्यूजबॉक्समधला एसीचा रिले उपटा आणि पुन्हा सुरू करा. प्लेट थांबली, तर बहुधा रिलेचे पॉइंट चिकटलेत. नाही थांबली, तर इंजिन बंद करून क्लचची वायर सोडवा. आता थांबली तर वायरिंगमध्ये शॉर्ट. तरीही फिरली तर क्लचच जाम.

एसी चालू असताना जाळीतून वारा मंदावला तर थर्मिस्टर तपासा. तो बिघडला की कॉम्प्रेसर थांबत नाही आणि कूलिंग कॉइलवर बर्फ साचतो. गॅस भरून यातलं काहीच सुटत नाही. काही नव्या गाड्यांत क्लचच नसतो, तिथे ही परीक्षा व्यर्थ.