सायकलची ट्यूब व्हॉल्व्हपाशीं कां फाटते?

हिंगोली जिल्ह्यांतील सेनगांव हें तालुक्याचें ठिकाण. भोवतालच्या खेड्यांतील मुलेंमुली पुढील शिक्षणासाठीं अशाच ठिकाणीं येतात. आणि ज्या खेड्याला शाळेच्या वेळेची एस. टी. नाहीं, तेथें सायकलखेरीज दुसरा आधार नसतो. महाराष्ट्र शासनाच्या मानव विकास कार्यक्रमांत इयत्ता ८ वी ते १२ वीच्या गरजू मुलींना सायकली देण्याची योजना आहे, ती याच कारणानें. परंतु सायकल दारांत असणें आणि ती सकाळीं चालण्याजोगी असणें, या दोन निराळ्या गोष्टी होत. चाक बसलेलें दिसलें कीं मुलगी पायीं निघते आणि पहिला तास बुडतो. असें वारंवार होऊं लागलें म्हणजे घरांत तिच्या शिक्षणाचीच चर्चा सुरू होते. म्हणून ट्यूब सांभाळण्याचा विषय वाटतो तितका क्षुल्लक नाहीं.

ट्यूब दोन प्रकारांनीं निकामी होते. बाभळीचा कांटा रुतून पडलेलें भोक हा पहिला प्रकार. त्यावर ठिगळ लावलें कीं काम भागतें. दुसरा प्रकार व्हॉल्व्हच्या मुळाशीं फाटण्याचा, आणि तो अधिक खर्चाचा. धातूची नळी ट्यूबला जेथें जोडलेली असते, तेथें रबराचा जाड कांठ असतो. त्या उंचवट्यावर ठिगळ सपाट बसत नाहीं. बसलेंच तर हवेच्या ताणानें लवकर सुटतें. अशा वेळीं बहुधा नवी ट्यूबच घ्यावी लागते. म्हणजे या दुखण्यावर औषध नाहीं, पथ्य मात्र आहे.

जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्यानें १८८८ मध्यें बेलफास्ट येथें हवेच्या टायरचें पेटंट घेतलें. तेव्हांपासून टायरांत पुष्कळ सुधारणा झाल्या; परंतु एक गोष्ट कायम राहिली. टायर व ट्यूब हीं रिमवर मुख्यतः हवेच्या दाबानेंच घट्ट बसतात. हवा कमी झाली कीं पायडल मारतांना आणि ब्रेक लावतांना टायर रिमवर किंचित सरकतो व ट्यूबलाहि आपल्याबरोबर ओढतो. व्हॉल्व्ह मात्र रिमच्या भोकांत अडकलेला असतो; तो सरकूं शकत नाहीं. खुंटीला अडकविलेल्या वस्त्राचा पदर ओढला तर तें खुंटीपाशींच फाटतें. ट्यूबचेंहि तसेंच होतें. व्हॉल्व्ह तिरपा दिसूं लागणें ही या ओढाताणीची पहिली खूण होय. ती दिसतांच हवा सोडून टायर व ट्यूब हातानें सरकवावी, व्हॉल्व्ह सरळ करावा आणि पुन्हां पूर्ण हवा भरावी. किती हवा भरावी तें टायरच्या बाजूवर छापलेलें असतें. मागें कोणी बसणार असेल किंवा दुधाची किटली न्यावयाची असेल, तर हवेची हयगय मुळींच करूं नये.

दुसरें कारण रिममध्येंच दडलेलें असतें. व्हॉल्व्हच्या भोकाची कड धारदार राहिली असेल तर ती रबर कापते. कापसाचा बोळा त्या कडेवरून फिरवावा. तंतू अडकले तर बारीक कानशीनें व काचकागदानें कड गुळगुळीत करावी. आऱ्यांचीं टोकें झांकणारी रिमची पट्टी जागेवरून सरकलेली नसावी, व तिचें भोक रिमच्या भोकाशीं जुळावें. भोक मोठें आणि व्हॉल्व्ह बारीक असला तर जुन्या ट्यूबची एक चकती कापून, तिला मधोमध छिद्र पाडून, ती व्हॉल्व्हच्या मुळाशीं चढवावी.

तिसरें कारण ट्यूब बसविणाऱ्याची घाई. ट्यूब चढविण्यापूर्वीं तींत थोडी हवा भरावी, म्हणजे ती पिळवटत नाहीं. टायर बसल्यावर व्हॉल्व्ह एकदां आंत दाबावा. त्यामुळें टायरच्या कडेखालीं चिमटलेला ट्यूबचा भाग मोकळा होतो. मग व्हॉल्व्ह हलकेंच बाहेर ओढून थोडी हवा भरावी आणि तो सरळ आहे ना तें पाहावें. बाहेरचा नट हवा भरण्याआधीं पान्ह्यानें कधींहि आवळूं नये. तसें केल्यास नळी बाहेर खेंचली जाते, आंतील हवा मात्र रबराला चोहोंकडे ताणते, आणि मुळाशीं चीर पडते. शेवटीं बोटांनीं फिरविला तेवढा नट पुरे. पंप मारतांना व्हॉल्व्ह डावीउजवीकडे हालत असेल, तर एका हातानें तो धरून ठेवावा.

मात्र चाक बसलें म्हणजे ट्यूब फाटलीच, असें समजूं नये. साध्या सायकलींच्या व्हॉल्व्हमध्यें एक बारीक रबरी नळी असते. दुकानांत तिला वॉलट्यूब म्हणतात. पंपाची हवा तिला बाजूस सारून आंत शिरते आणि आंतील हवा तिलाच दाबून वाट बंद करते. ती कुजली कीं हवा हळूहळू निसटते. व्हॉल्व्हच्या तोंडावर पाण्याचा थेंब ठेवावा. बुडबुडा आला तर अगदीं अल्प किमतीची ही नळी बदलून पाहावी. बुडबुडा न आल्यास चाक खोलून, ट्यूब थोडी फुगवून बादलीतल्या पाण्यांत धरावी. व्हॉल्व्हच्या मुळाशीं बुडबुडे निघाले तर तेथें चीर पडली आहे असें समजावें.

मराठवाड्याच्या उन्हाळ्यांत पारा ४० अंशांवर जातो. दिवसभर उन्हांत राहिलेलें रबर कालांतरानें ताठर होऊन तडकतें. म्हणून सायकल सावलींत ठेवावी. आठवड्यांतून एकदां व्हॉल्व्ह सरळ आहे ना, नट फार आवळलेला नाहीं ना, आणि अंगठ्यानें दाबल्यास टायर टणक लागतो ना, एवढें पाहावें. हें काम रविवारीं संध्याकाळीं करावें, म्हणजे सोमवारची शाळा चुकत नाहीं.