जन्मभूमीचा कर्णधार : आर्थर बीटसन

रग्बी-लीग या खेळांत प्रत्येक बाजूस तेरा गडी असतात. त्यांपैकीं सहा आघाडीचे. अंडाकृति चेंडू पोटाशीं धरून प्रतिपक्षाच्या रांगेंत घुसावयाचें, जमिनीवर आपटले जावयाचें आणि उठून पुन्हां तेंच करावयाचें, हें त्यांचें काम. अशाच एका धंदेवाईक गड्याची हकीगत आम्ही वाचकांपुढें मांडीत आहों. कारण पोटाची चाकरी व जन्मभूमीची निष्ठा यांचा झगडा तींत दिसून येतो.

आर्थर बीटसन यांचा जन्म २२ जानेवारी १९४५ रोजीं ऑस्ट्रेलियांतील क्वीन्सलंड प्रांताच्या रोमा गांवीं झाला. त्यांची आई आदिवासी होती. ब्रिस्बेनजवळच्या रेडक्लिफ संघांत नांव मिळवून १९६६ सालीं ते न्यू साउथ वेल्स प्रांतांत, सिडनीच्या बाल्मेन क्लबाकडे गेले. देह धिप्पाड, कौशल्य भरपूर, पण दम कमी. म्हणून टीकाकार त्यांस 'अर्ध्या सामन्याचा आर्थर' म्हणून हिणवीत. पुढें १९७१ सालीं ते ईस्टर्न सबर्ब्ज क्लबांत आले. तेथें १९७४ व १९७५ अशीं दोन वर्षें, जॅक गिब्सन यांच्या शिक्षणाखालीं, बीटसन कर्णधार असलेल्या संघानें अजिंक्यपद मिळविलें. प्रतिपक्षाचे गडी अंगाला झोंबले असतांही हात मोकळा ठेवून सोबत्याकडे चेंडू सोडणें, ही त्यांची खास कला.

ऑस्ट्रेलियांत आदिवासींना शिरगणतींतून वगळणारें राज्यघटनेंतील कलम १९६७ सालीं सार्वमतानें रद्द झालें. त्यानंतर सहाच वर्षांनीं, १९७३ सालीं, बीटसन राष्ट्रीय संघाचे कर्णधार झाले. कोणत्याही प्रमुख खेळांत हा मान मिळविणारे ते पहिले आदिवासी होत.

परंतु एक गोष्ट विपरीत होती. त्या काळीं आंतरप्रांतीय सामन्यांत, गडी ज्या प्रांतांतील क्लबांत खेळे त्याच प्रांताकडून त्यास उतरावें लागे. न्यू साउथ वेल्समधील क्लबांना १९५६ पासून जुगारयंत्रें ठेवण्याची परवानगी होती. त्या पैशाच्या बळावर ते क्वीन्सलंडचे उत्तम गडी नेत आणि ते गडी मग आपल्याच जन्मप्रांताविरुद्ध लढत. बीटसनही असेच लढले. इकडे १९५९ नंतर वीस वर्षें क्वीन्सलंडला एकही मालिका जिंकतां आली नाहीं.

अखेर ८ जुलै १९८० रोजीं ब्रिस्बेनच्या लँग पार्क मैदानावर नवा नियम अजमावण्यांत आला : ज्या प्रांतांत गडी घडला, त्याच्याकडूनच त्यानें खेळावें. बीटसन त्या वेळीं पस्तीस वर्षांचे असून पॅरामॅटा क्लबाच्या दुय्यम संघांत खेळत होते. क्वीन्सलंडनें त्यांनाच कर्णधार नेमलें. आपल्याच क्लबांतील मिक क्रोनिन यांच्याशीं भिडण्यासही त्यांनीं मागेंपुढें पाहिलें नाहीं. क्वीन्सलंडनें २० विरुद्ध १० असा जय मिळविला. १९८२ पासून सर्वच आंतरप्रांतीय सामने याच नियमानें होऊं लागले, आणि बीटसन यांच्या शिक्षणाखालीं क्वीन्सलंडनें ओळीनें तीन मालिका जिंकल्या.

१ डिसेंबर २०११ रोजीं सायकलीवरून फिरत असतां हृदयविकारानें त्यांचा अंत झाला. लँग पार्कबाहेर त्यांचा पुतळा उभारलेला आहे.

वेतन घेऊन खेळणाऱ्यास निष्ठा नसते, असें पुष्कळांस वाटतें. आमच्या मतें, ज्याचें वेतन घेतलें त्याचें काम चोख करणें ही एक निष्ठा. आणि हांक येतांच वयाची सबब न सांगतां आपल्या मातीसाठीं उभें राहणें ही दुसरी. बीटसन यांनीं दोन्ही पाळल्या.