कॉम्प्रेसरचं फिटिंग का तडकतं?

घरच्या वर्कशॉपमधला छोटा कॉम्प्रेसर साधारण 8 बारपर्यंत हवा दाबतो. वातावरणाच्या दाबाच्या हे आठपट! पाणी फारसं दाबलं जात नाही, त्यामुळे पाण्याची लाइन फुटली की दाब लगेच उतरतो. दाबलेली हवा मात्र ताणलेल्या स्प्रिंगसारखी असते. फिटिंग तुटलं की ती तुकडे भिरकावत प्रसरण पावते. म्हणूनच नळाचा पीव्हीसी पाइप हवेसाठी कधीही वापरू नये, तो स्वस्त आणि हाताशी असला तरीही.

प्लास्टिकची फिटिंग बहुधा पंपाजवळच तडकतात. तिथे थरथर असते, उष्णता असते, शिवाय तेलाचे कण. त्या जागी पितळी फिटिंग बसवा आणि पुढे लवचीक होज जोडा, म्हणजे थरथर पुढच्या लाइनपर्यंत पोचत नाही.

आटे मात्र नीट पाहून घ्या. पाव इंची बीएसपी मानकाच्या फिटिंगला इंचात 19 आटे, एनपीटी मानकाच्या फिटिंगला 18. एकाचं फिटिंग दुसऱ्यात घातलं तर दोन फेरे सहज बसतात, मग जबरदस्ती होते आणि आटे मरतात.

काम सुरू करण्याआधी प्लग काढा, टाकीतली हवा पूर्ण सोडा. टेफ्लॉन टेप आट्यांच्या दिशेनेच गुंडाळा. शेवटी पुन्हा हवा भरून सांध्यांना साबणाचं पाणी लावा. बुडबुडा दिसला तर तिथे गळती आहे.