पन्नास रुपयांचा मोगरा

असरची नमाज आटोपली की मशिदीबाहेरच्या गल्लीत खजूर, कलिंगड आणि शेवयांच्या गाड्यांशेजारी अत्तरवाल्याची काचेची पेटी उघडते. गिऱ्हाईक पुढे आले की तो कुपीचे बूच काढतो, काचेची कांडी मनगटाला टेकवतो आणि विचारतो, ‘‘थंडा चाहिए या गरम?’’ प्रश्न सरबताच्या दुकानातला वाटावा, पण अत्तराच्या दुनियेत तो जुनाच आहे. खस, गुलाब, केवडा, मोगरा ही थंड अत्तरे. हिना, शमामा, अंबर, ऊद ही गरम. हिजरी वर्ष चंद्राचे, म्हणून रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. तो उन्हाळ्याला येऊन भिडला की पेटीतली पुढची रांग थंड अत्तरांची होते.

पैगंबर साहेबांना सुगंध प्रिय होता. जुम्म्याला आणि ईदला आंघोळ करून, स्वच्छ कपडे घालून सुगंध लावणे ही सुन्नत आहे. अत्तरात स्पिरिट नसते, म्हणूनही अनेक नमाजी स्प्रेऐवजी कुपीच घेतात. पण ही आवड एका समाजाची नाही. हळदीकुंकवाची अत्तरदाणी आणि गुलाबदाणी, दिवाळीच्या पहाटे कानात खोचलेला फाया हे याच पेटीचे नातलग. आणि ज्याला अत्तरवाला खस म्हणतो, तोच उन्हाळ्यात घरोघरी माठात पडणारा वाळा.

अस्सल अत्तराचे माहेर उत्तर प्रदेशातले कनौज. तिथे तांब्याच्या देगेत फुले आणि पाणी घालून झाकण मातीने लिंपतात व खाली मंद आच ठेवतात. सुगंधी वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात उतरते. पाण्याच्या हौदात ठेवलेल्या या भांड्यात चंदनाचे तेल असते. ते फुलाचा वास धरून ठेवते. गुलाबाच्या तीन-चार हजार किलो पाकळ्यांतून शुद्ध तेल निघते जेमतेम किलोभर. त्यात चंदनही आता महाग झाले.

मग पन्नास रुपयांच्या कुपीत काय असते? बहुतेक वेळा कारखान्यात बनवलेला सुगंध आणि द्रव पॅराफिनसारखे स्वस्त, बिनवासाचे तेल. असे अत्तर विकणे काही गुन्हा नाही. तेच ‘कनौजचा अस्सल गुलाब’ म्हणून गळ्यात मारणे मात्र फसवणूक आहे. रोजा हा पोटाइतकाच जिभेचाही असतो, आणि दुकानदाराची जीभ गल्ल्यामागेच तर चालते. ‘‘हे फूल नाही, फुलासारखे आहे,’’ असे आधीच सांगणाऱ्याकडे गिऱ्हाईक पुढच्या वर्षीही येते.

तरुण पोरांची मागणी हल्ली वेगळी आहे. त्यांना मोगऱ्यासोबत सफरचंद, खरबूज किंवा पीच हवे असते. संत्र्या-लिंबाच्या सालीतून तेल निघते. सफरचंदातून, खरबुजातून तसे निघत नाही. त्यामुळे त्यांचा वास प्रयोगशाळेतच जुळवावा लागतो. असे अत्तर लावले की पहिली काही मिनिटे फळ बोलते, मग ते उडते आणि फूल मागे राहते. म्हणून बूच हुंगून सौदा करू नये. मनगटावर थेंब घ्यावा, बाजारात एक फेरी मारावी आणि परत येऊन ठरवावे. एका वेळी दोन-तीनहून जास्त वास घेतले तर नाकच गोंधळते.

उन्हाळ्यात एक थेंब पुरे. घामात जास्त अत्तर जड होते. पांढऱ्या कुर्त्यावर ते थेट लावू नये, तेलाचा डाग पडतो. कानाच्या पाळीत फाया ठेवणे उत्तम. लिंबू-संत्र्याच्या वासाचे अत्तर लावून उघड्या कातडीने उन्हात फिरू नये; काहींना चट्टे उठतात. त्वचा नाजूक असेल तर आदल्या दिवशी थोडे लावून पाहावे.

चाँदरातीला याच पेटीभोवती सर्वांत जास्त गर्दी होते. कापड-चपलांत बहुतेक पैसे संपलेले असतात, तरी एक कुपी घेतली जातेच. ती एकट्यासाठी नसते. सकाळी बापाच्या हातून मुलांच्या मनगटाला ती लागते, ईदगाहवर गळाभेटीत ओळखू येते आणि दुपारी शिरखुर्म्याला आलेल्या शेजाऱ्यापुढेही वाटीच्या आधी तीच धरली जाते.