सातवा महिना लागला की कुशीवर झोपा, आणि झोप का मोडते ते सांगा



गटाच्या बैठकीत बचतीचा हिशोब संपला की गप्पा निघतात. गरोदर ताई बैठकीत असली तर एक वाक्य हमखास ऐकू येतं, "रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही." त्यावर बाकीच्या म्हणतात, "असंच असतं गं, आमचंही असंच होतं." ते बऱ्याच वेळा खरं असतं. पण प्रत्येक वेळी नाही. काही त्रास गोधडी नीट ठेवली की कमी होतो, काही त्रास दवाखान्यातच दाखवावा लागतो. कोणता त्रास कोणता, हे ओळखता यावं म्हणून या अंकात हा विषय घेतला. तुमच्यापैकी अनेकींची दोन-तीन बाळंतपणं झाली आहेत, मी वयाने लहान आहे. म्हणून अनुभव तुमचा, आणि त्यामागचं कारण मी सांगते, असं समजा.

कुशीवरच का?

आपल्या पायांकडचं आणि पोटाकडचं रक्त हृदयाकडे परत नेणारी एक मोठी शीर आहे. ती पाठीच्या कण्याला लागून, थोडी उजव्या बाजूने वर जाते. सातवा महिना लागेपर्यंत बाळ, पाणी, वार आणि गर्भपिशवी मिळून वजन बरंच वाढलेलं असतं. बाई उताणी झोपली की हे सगळं वजन त्या शिरेवर येतं. शीर दबते, हृदयाकडे रक्त कमी येतं, आणि मग वारेतून बाळाला मिळणारं रक्तही कमी होतं. उताणं झोपल्यावर काही जणींना चक्कर येते, घाम फुटतो, जीव घाबरा होतो, त्याचं हेच कारण.

न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंडमध्ये यावर अभ्यास झाले आहेत. २८ आठवड्यांनंतर, म्हणजे सातवा महिना लागल्यावर, ज्या बाया उताण्या झोपत होत्या त्यांच्यात बाळ पोटातच दगावण्याचं प्रमाण कुशीवर झोपणाऱ्यांच्या दुपटीहून जास्त दिसलं. घाबरू नका, असं थोड्याच जणींच्या बाबतीत घडतं. पण जो धोका नुसती कूस बदलून कमी होतो, तो का घ्यायचा? याला पैसा लागत नाही, औषध लागत नाही.

डावी कूस की उजवी? ती शीर उजवीकडे असल्यामुळे डाव्या कुशीवर ती जास्त मोकळी राहते, म्हणून नर्सताई डावी कूस सांगतात. पण रात्रभर एकाच कुशीवर राहिलं तर खांदा आणि कंबर भरून येते. अभ्यासात उजवी कूसही सुरक्षितच दिसली आहे. तेव्हा डाव्या कुशीवर झोपायला सुरुवात करा, अवघडलं की उजवीवर वळा. मधेच जाग आली आणि आपण उताणे आहोत असं लक्षात आलं, तर नुसतं कुशीवर वळायचं आणि परत झोपायचं. मनाला लावून घ्यायचं नाही.

एक जुनी समजूत अजून ऐकू येते, की झोपल्या झोपल्या कूस बदलली तर बाळाच्या गळ्याला नाळ गुंडाळते, म्हणून आधी उठून बसायचं आणि मग वळायचं. तसं होत नाही. बाळ पाण्यात स्वतःच फिरत असतं, नाळ त्याच्या हालचालीने गुंडाळते आणि सुटतेही. आईच्या कूस बदलण्याशी त्याचा संबंध नाही. बिनधास्त वळा.

घरात आहे त्यातच सोय

दुकानात गरोदर बायांसाठी मोठ्या उशा मिळतात. आपल्याला त्यांची गरज नाही. आपल्या घरात गोधडी आहे.

- एक गोधडी गुंडाळून दोन गुडघ्यांच्या मध्ये ठेवा. कंबरेवरचा ताण कमी होतो.
- जुन्या लुगड्याची लहान घडी पोटाखाली सरकवा. पोट लोंबत नाही, ओढ बसत नाही.
- दुसरी गुंडाळी पाठीमागे लावा. झोपेत उताणं व्हायला गेलात तरी ती अडवते.
- खाटेची दोरी सैल असेल तर मधे खोळ पडते आणि कंबर धरते. घरातल्या माणसाला सांगून दोरी ताणून घ्या.

जमिनीवर झोपायची सवय असली तरी पावसाळ्यात खाट बरी. मण्यार रात्री घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, हे आपल्या भागात नवीन नाही. खाटेवर मच्छरदाणी लावा आणि तिच्या कडा अंथरुणाखाली खोचा. त्याने साप-विंचवापासूनही बचाव होतो आणि डासांपासूनही. गरोदरपणात मलेरिया झाला तर आईचं रक्त उतरतं आणि बाळ कमी वजनाचं होतं, म्हणून मच्छरदाणीत पहिली जागा गरोदर बाईची.

उठताना झटक्याने सरळ उठू नका. आधी कुशीवर या, पाय खाली सोडा, हाताने रेटा देऊन बसा, दोन श्वास घ्या, मग उभ्या राहा.

झोप कशाने मोडते, आणि काय करायचं

*छातीत जळजळ.* बाळ वर सरकलं की पोटातलं आंबट पाणी घशाशी येतं. रात्रीचं जेवण झोपण्याच्या दोन-तीन तास आधी करा, थोडं करा, तिखट-तळलेलं कमी ठेवा. अंगणवाडीत अमृत आहाराचं जेवण मिळतं ते दुपारी पोटभर जेवा, म्हणजे रात्री हलकं जेवून चालतं. ते जेवण डब्यात घरी नेलं की पाच जणांत वाटलं जातं, म्हणून तिथेच बसून जेवा. झोपताना डोकं आणि खांदे थोडे उंच ठेवा.

*पायात गोळे.* पोटरीत गोळा आला तर पाय सरळ करून बोटं आपल्याकडे ओढा, मग चोळा. कॅल्शियमची गोळी चुकवू नका.

*पाय सारखे हलवावेसे वाटणं.* रात्री पाय शांत राहत नाहीत, आत काहीतरी वळवळतंय असं वाटतं, चाललं की बरं वाटतं. रक्त कमी असलेल्या बायांत हे जास्त दिसतं. आपलं हिमोग्लोबिन किती आहे ते माता-बाल संरक्षण कार्डावर बघा. ११ पेक्षा कमी असेल तर रक्त कमी आहे, ७ पेक्षा कमी असेल तर गंभीर आहे. लोहाची गोळी चौथ्या महिन्यापासून रोज घ्यायची आहे. ती कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नका आणि चहासोबत तर मुळीच नको, अंगी लागत नाही.

*लघवीला सारखं उठणं.* दिवसभर भरपूर पाणी प्या, झोपण्याआधीच्या तास-दोन तासांत कमी प्या. पण बाहेर अंधारात जायची भीती वाटते म्हणून दिवसाचं पाणी तोडू नका. उशाशी बॅटरी ठेवा, सोबतीला कुणाला तरी उठवा, त्यात लाज नाही. लघवीला जळजळ होत असेल किंवा ताप असेल तर ते नेहमीचं नाही, दाखवा.

*डोक्यातले विचार.* पहिलं बाळंतपण, पैशांची काळजी, घरातली भांडणं, यानेही झोप उडते. मोकळेपणाने बोला. बरेच दिवस मन उदास असेल, कशातच जीव लागत नसेल, तर आशाताईला सांगा. तोही आजारच आहे.

झोप यावी म्हणून मोहाची दारू, मिशरी किंवा दुकानातली अंगदुखीची गोळी घेऊ नका. तिन्ही बाळापर्यंत पोचतात. आणि चुलीचा धूर भरलेल्या खोलीत झोपू नका, स्वयंपाक झाल्यावर दार उघडं ठेवून धूर जाऊ द्या.

सिकलसेल असलेल्या तायांसाठी

आपल्या नंदुरबार जिल्ह्यात सिकलसेल बऱ्याच घरांत आहे. तुमची तपासणी झाली नसेल तर आधी ती करून घ्या. सिकलसेलचा आजार असेल तर रात्रीची थंडी आणि पाण्याची कमतरता दोन्ही वेदना वाढवतात. गरम पांघरूण घ्या, रात्री उशाशी पाणी ठेवा, जाग आली की घोटभर प्या. वर सांगितलेलं "झोपण्याआधी पाणी कमी" हे तुम्हाला लागू नाही. लोहाची गोळी घ्यायची की नाही, किती घ्यायची, हे डॉक्टरांनाच विचारा. हाडं-सांधे जोरात दुखून झोप मोडली किंवा छातीत दुखलं तर सकाळची वाट बघू नका.

ऊसतोडीला जाणार असाल तर

दिवाळीनंतर आपल्या गावातून अनेक कुटुंबं गुजरातेत ऊसतोडीला जातात. तिथे कोपीत झोपायचं, पहाटे थंडीत उठायचं, कधी रात्रीच गाडी भरायची. शक्य असेल तर सातव्या महिन्यानंतर ताईला गावी ठेवा. जावंच लागलं तर मच्छरदाणी, दोन गोधड्या, गोळ्या आणि माता-बाल कार्ड सोबत न्या. रात्रीच्या गाडी भरणीतून तिला वगळा, हे घरच्या माणसाने मुकादमाला आधीच सांगून ठेवावं. जाण्याआधी आशाताईला कळवा.

या खुणा दिसल्या तर "असंच असतं" म्हणू नका

- आडवं झालं की दम लागतो, बसूनच राहावं लागतं
- डोकं खूप दुखतं, डोळ्यांपुढे अंधारी येते, चेहरा-हात सुजतात
- तळहात-तळपाय रात्री खूप खाजतात, अंगावर पुरळ मात्र नाही
- अंगावरून रक्त किंवा पाणी जातं, पोटात कळा येतात
- बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी झाली

शेवटची खूण रात्री कळते. कुशीवर शांत पडलं की बाळाचं फिरणं नीट जाणवतं. रोजचं फिरणं तुम्हाला माहीत असतं, त्यात फरक वाटला तर त्याच रात्री निघा. १०८ ला किंवा १०२ ला फोन करा, गाडी मोफत आहे. साधी तपासणी असेल तर दर महिन्याच्या ९ तारखेला सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी दवाखान्यात डॉक्टर मोफत तपासतात. २०१६ पासून हे सुरू आहे. त्या दिवशी "मला झोप येत नाही" हेही सांगा, लाजू नका.

हे काम एकट्या गरोदर बाईचं नाही

माता-बाल कार्डावर लिहिलेलं आहे की गरोदर बाईला रात्री ८ तास झोप आणि दिवसा २ तास आराम हवा. पण भात लावणीच्या दिवसांत ती पहाटे चारला पाणी भरायला उठते आणि सगळ्यांच्या शेवटी झोपते. मग आठ तास आणायचे कुठून? दुपारी आडवी पडली तर "आळशी झाली" म्हणतात. ताईंनो, आपल्यापैकी अनेक जणी आज सासू आहेत. हे वाक्य थांबवणं आपल्याच हातात आहे.

पुढच्या बैठकीत बचत झाली की दहा मिनिटं यासाठी ठेवा. दशसूत्रीत आरोग्यही आहेच. गटात किंवा शेजारी कोण गरोदर आहे, तिला कितवा महिना आहे, तिच्या घरी मच्छरदाणी आहे का, ते विचारा. नसेल तर अंतर्गत कर्जातून घेता येईल. सातव्या महिन्यापासून तिच्या पहाटेच्या हंड्यांची पाळी कोण घेणार, ते नावानिशी ठरवा आणि इतिवृत्तात लिहा. पुढच्या महिन्यात मी बैठकीला आले की ते पान बघेन.