बिळात उतरणारा शिकारी: फेरेट आणि मिंक यांना कसे शिकवले जाते

ब्रिटनच्या ग्रामीण भागात थंडी पडली, झुडपांची पाने झडली आणि सशांच्या विणीचा मुख्य काळ सरला की शेतांच्या कडेला एक जुने दृश्य पुन्हा दिसू लागते. दोघे-तिघे जण फावडे, जाळ्यांची पिशवी आणि एक छोटी लाकडी पेटी घेऊन सशांच्या बिळांपाशी येतात. पावले हलकी पडतील याची काळजी घेतली जाते, बोलणे जवळजवळ बंद असते. प्रत्येक बिळाच्या तोंडावर जाळे पसरून झाल्यावर पेटीतून एक लांबट, लवचीक अंगाचा प्राणी बाहेर काढून जमिनीखाली सोडला जातो. काही क्षणांतच जमिनीच्या पोटातून सशाने मागचे पाय आपटल्याचा धपधप आवाज येतो आणि घाबरलेला ससा वेगाने बाहेर येऊन जाळ्यात अडकतो. हा प्राणी म्हणजे फेरेट. माणसासाठी काम करणाऱ्या प्राण्यांमध्ये कुत्रा, घोडा, ससाणा यांच्याइतकी प्रसिद्धी त्याला लाभली नाही. तथापि त्याची सेवा किमान दोन हजार वर्षांची आहे.

फेरेट पाहिल्यावर मराठी वाचकाला प्रथम मुंगसाची आठवण होईल. मात्र त्याचे कूळ वेगळे आहे. पाणमांजर, बिज्जू आणि वीझल ज्या कुळात मोडतात त्याच कुळातील हा प्राणी असून युरोपातील पोलकॅट या रानटी प्राण्यापासून तो माणसाळवला गेला. मादी आकाराने लहान असते, नर तिच्या जवळपास दुप्पट वजनाचा होऊ शकतो. दिवसाचे चौदा ते अठरा तास हा प्राणी झोपून काढतो. उरलेल्या वेळात मात्र दिसेल त्या छिद्रात डोके घातल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. शिकारीतील त्याचा सारा उपयोग या एका सवयीवर उभा आहे.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. मराठीत ‘ससा’ हा एकच शब्द दोन निरनिराळ्या प्राण्यांसाठी वापरला जातो. भारतातील रानससा बीळ खोदत नाही. गवतात किंवा झुडपाच्या आडोशाला दबून बसणे आणि प्रसंग येताच धूम ठोकणे हीच त्याची संरक्षणाची रीत. युरोपीय ससा मात्र अनेक तोंडे असलेली बिळांची वसाहत उभारतो आणि संकट दिसताच आत शिरतो. जेथे कुत्रा पोहोचू शकत नाही तेथे पोहोचणारा प्राणी त्यामुळेच युरोपात हवा होता. आपल्याकडे त्याची गरज निर्माण झाली नाही.

या शिकारीचे सर्वांत परिचित प्राचीन वर्णन ग्रीक भूगोलकार स्ट्रेबो याच्या लेखनात आढळते. स्पेनमधील सशांच्या उपद्रवाविषयी लिहिताना तो ‘लिबियाच्या वीझलां’चा उल्लेख करतो. त्यांचे तोंड बांधून त्यांना बिळात सोडत. ते सशांना नखांनी ओढून आणत किंवा बाहेर पळायला भाग पाडत आणि बाहेर उभी असलेली माणसे सशांना पकडत. रोमन लेखक प्लिनी याने बॅलेॲरिक बेटांवरील रहिवाशांची हकिगत नोंदवली आहे. सशांनी पिके फस्त केल्यामुळे या लोकांनी सम्राट ऑगस्टसकडे चक्क सैन्याची मदत मागितली होती. ‘फेरेट’ हे नावदेखील लॅटिनमधील ‘चोर’ या अर्थाच्या शब्दावरून आले असून त्याचा अर्थ ‘छोटा चोर’ असा होतो. फेरेट पाळणाऱ्यांना हे नाव अगदी सार्थ वाटते, कारण मोजे, किल्ल्या आणि हाताला लागेल ती वस्तू ओढून कोपऱ्यात दडवणे हा या प्राण्याचा आवडता उद्योग आहे.

मध्ययुगीन इंग्लंडमध्ये ससा हे जमीनदाराचे धन होते, आणि म्हणून फेरेटही संशयाच्या नजरेने पाहिले जाई. राजा दुसरा रिचर्ड याच्या कारकिर्दीत, १३८९-९० मध्ये झालेल्या कायद्याने वर्षाला ४० शिलिंगांपेक्षा कमी उत्पन्नाची जमीन असणाऱ्यांना शिकारी कुत्री, जाळी आणि फेरेट बाळगण्यास मनाई केली. गरिबाच्या झोपडीत फेरेट सापडणे हा चोरट्या शिकारीचा पुरावाच मानला जाई. कुळांना आपल्या कसणुकीतील जमिनीवर ससे मारण्याचा हक्क मिळण्यासाठी १८८० चा कायदा यावा लागला. त्यानंतर चित्र इतके पालटले की १९५४ च्या उपद्रवी प्राण्यांविषयीच्या कायद्यानुसार इंग्लंड आणि वेल्समध्ये सशांची संख्या आटोक्यात ठेवणे ही जमीनधारकाची जबाबदारीच ठरली. कुत्र्यांच्या साहाय्याने होणाऱ्या शिकारीवर निर्बंध घालणाऱ्या २००४ च्या कायद्यातही, जमीनमालकाची परवानगी असल्यास, सशांना आणि उंदरांना अपवाद ठेवण्यात आला.

आता प्रशिक्षणाविषयी. ‘प्रशिक्षण’ म्हटल्यावर आज्ञा ऐकणारा कुत्रा डोळ्यांसमोर येतो, पण फेरेटच्या बाबतीत ही कल्पना उपयोगाची नाही. बिळात शिरावे, सशाचा माग काढावा, हे त्याला कोणी शिकवत नाही. ते त्याच्या रक्तातच असते. शिकवावे लागते ते बाहेर येणे, आणि बाहेर आल्यावर माणसाच्या हाती सापडणे.

याची सुरुवात पिल्लू काही आठवड्यांचे असतानाच होते. सुमारे सहा आठवड्यांच्या गर्भावस्थेनंतर जन्मणारी पिल्ले आंधळी असतात आणि त्यांचे डोळे उघडण्यास जवळपास पाच आठवडे लागतात. या सुमारास त्यांना रोज हाताळले जाते. पिल्ले चावतात, खेळ आणि चावा यांतील फरक त्यांना ठाऊक नसतो. अशा वेळी हात झटकन मागे घेतला तर चावल्याने हात दूर जातो हा धडा पिल्लू पक्का करते. म्हणून जाणकार हात स्थिर ठेवतात आणि घाबरट माणसाला पिल्ले हाताळू देत नाहीत. खाणे देताना दर वेळी एकच आवाज केला जातो, मग ती शीळ असो वा जिभेचा टकटक. पुढे बिळाच्या तोंडाशी हाच आवाज उपयोगी पडतो. जमिनीवर मांडलेल्या प्लॅस्टिकच्या नळ्यांतून ये-जा करण्याची सवय लावली जाते. सोबत कुत्रा काम करणार असेल तर दोघांची ओळखही लहानपणीच करून दिली जाते, कारण जाळ्यातून सुटलेला ससा आणि बिळातून डोकावणारे फेरेट यांत कुत्र्याने गल्लत केली तर परिणाम उघड आहे.

सर्वांत नाजूक क्षण येतो तो फेरेट बिळाच्या तोंडाशी आल्यावर. उतावीळ मालक ते दिसताच झडप घालतो. दोन-तीन वेळा असे झाले की फेरेट तोंडाशी येऊन थबकू लागते, हात पुढे येताच मागे सरकते आणि तासन् तास माणसाला तिष्ठत ठेवते. उलट त्याला पूर्ण बाहेर येऊ देऊन, खाली वाकून, सावकाश उचलणाऱ्याकडे ते विनातक्रार येते. जुन्या शिकाऱ्यांच्या मते हा दोष प्राण्याचा नसून नेहमी माणसाचाच असतो.

उपाशी ठेवलेले फेरेट अधिक चांगले काम करते, हा आणखी एक प्रचलित गैरसमज आहे. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. भुकेलेले फेरेट सशाला बाहेर हुसकावण्याऐवजी आतच मारते, पोटभर खाते आणि तेथेच झोपी जाते. वर थंडीत उभ्या असलेल्या माणसांना याचा पत्ता नसतो. पूर्वी अशा वेळी लांब दोरी बांधलेला दांडगा नर खाली सोडत आणि दोरी किती आत गेली यावरून अंतर ओळखून खोदकाम सुरू होई. काही जण स्ट्रेबोच्या काळाप्रमाणे फेरेटचे तोंड बांधत. त्यात मोठा धोका असे. असे फेरेट आत हरवले तर त्याला खाताही येत नसे आणि उंदराशी गाठ पडल्यास स्वतःचा बचावही करता येत नसे. गेल्या काही दशकांत गळपट्ट्यात बसवलेल्या छोट्या प्रक्षेपकाने हा प्रश्न बराच सोडवला आहे. वरच्या माणसाच्या हातातील यंत्र फेरेट नेमके कोठे आणि किती खोलीवर आहे हे दाखवते, आणि तेवढीच जागा खणली जाते. तरीही फावडे घरी ठेवून कोणी निघत नाही.

पाळण्याची जबाबदारी शिकारीच्या दिवसांपुरती नसते. मादी माजावर आली आणि तिचा नराशी संयोग झाला नाही, तर तो माज दीर्घकाळ टिकतो. शरीरातील इस्ट्रोजेनचे प्रमाण वाढून अस्थिमज्जेवर परिणाम होतो आणि रक्तक्षयाने मादी दगावू शकते. त्यामुळे शस्त्रक्रिया, इंजेक्शन किंवा नसबंदी केलेला नर यांपैकी एक उपाय योजावाच लागतो. श्वानांना होणारा डिस्टेंपर हा रोग फेरेटला बहुधा प्राणघातक ठरतो. माणसाचा फ्लूही त्याला होतो. या दुबळेपणाचा वैद्यकशास्त्राला मात्र मोठा लाभ झाला: १९३३ मध्ये लंडनमधील शास्त्रज्ञांनी मानवी इन्फ्लुएन्झाचा विषाणू प्रथम वेगळा केला तो फेरेटच्याच साहाय्याने.

छिद्रात शिरण्याच्या हौसेचा उपयोग अनपेक्षित ठिकाणीही झाला आहे. शिकागोजवळच्या, पुढे फर्मीलॅब या नावाने प्रसिद्ध झालेल्या प्रयोगशाळेत १९७१ मध्ये कणत्वरकाच्या अरुंद नळ्या आतून साफ करण्यासाठी फेलिशिया नावाचे फेरेट आणण्यात आले. गळपट्ट्याला दोरी बांधून ते नळीत सोडले जाई आणि मागाहून त्या दोरीने साफसफाईचा बोळा ओढला जाई. मुख्य वर्तुळाच्या कित्येक किलोमीटर लांबीच्या नळीत शिरण्यास मात्र फेलिशियाने साफ नकार दिला. अखेर तिच्याकडून लहान नळ्यांचेच काम करून घेण्यात आले.

मिंक हा फेरेटचा दूरचा नातलग, पण त्याची कथा वेगळी आहे. मूळचा उत्तर अमेरिकेतील हा प्राणी जाळीदार बोटांचा आणि पट्टीचा पोहणारा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून त्याला पिंजऱ्यात वाढवले गेले ते केवळ फरसाठी. म्हणजे माणसाचा आणि त्याचा सहवास सुमारे दीडशे वर्षांचा. त्यातही निवड झाली ती केसांच्या रंगासाठी आणि अंगाच्या आकारासाठी, स्वभावासाठी नव्हे. मिंकला शिकवता येत नाही असे समजले जाई त्याचे कारण हेच. या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या युटा राज्यातील एका ससाणापालकाने ही समजूत खोटी ठरवली. फर-केंद्रांतील मिंक घेऊन त्याने त्यांना कालव्यांच्या काठावरील मस्कराट आणि शेतांतील उंदीर यांच्या शिकारीस लावले. मस्कराट हे उंदरासारखे पाणथळ प्राणी काठ पोखरतात आणि कालवे फुटण्यास कारण ठरतात, त्यामुळे या शिकारीला व्यावहारिक बाजूही होती.

त्याची पद्धत ससाणा पाळण्याच्या विद्येतून आलेली आहे. प्रेमाने हाक मारली म्हणून मिंक परत येत नाही. ते येते ते सौदा फायद्याचा आहे म्हणून. पकडलेले सावज जबरदस्तीने हिसकावून न घेता त्याच्या बदल्यात मांसाचा तुकडा दिला जातो, आणि वाहून नेण्याच्या पिंजऱ्यात शिरले की खाणे मिळते ही सवय लावली जाते. सावज पाण्यातून निसटले तर कुत्रे ते अडवतात. फेरेट हुसकावते, माणूस पकडतो. मिंक मात्र स्वतःच मारते, आणि तेही पाण्याखाली. त्यामुळे चुकीला येथे वाव फारच कमी असतो.

या कुळातील प्राण्याकडून काम करून घेण्याची रीत भारतीय उपखंडालाही अपरिचित नाही. बांगलादेशातील नडाईल परिसरातील मच्छीमार पाणमांजरांना दोरीने बांधून नावेलगत पाण्यात सोडतात. पाणमांजरे काठच्या गवतात दडलेले मासे हुसकावून जाळ्याकडे आणतात. हे मासेमार आता थोडेच उरले आहेत.

प्राणी हातात असेपर्यंत हे सारे ठीक चालते. हात सुटला की काय घडते याचे उदाहरण न्यूझीलंडने पाहिले आहे. युरोपीय वसाहतकऱ्यांनी नेलेले ससे तेथे इतके वाढले की मेंढ्यांना चारा उरेना. तेव्हा १८८० च्या दशकात फेरेट, स्टोट आणि वीझल आणून मोठ्या संख्येने रानात सोडण्यात आले. पक्ष्यांच्या अभ्यासकांनी दिलेला इशारा दुर्लक्षित राहिला. ना जाळी होती, ना पेटी, ना संध्याकाळी त्यांना उचलून घरी नेणारे कोणी. ससे संपले नाहीत. किवीसारखे जमिनीवर वावरणारे पक्षी मात्र या शिकाऱ्यांना बळी पडू लागले. २००२ मध्ये त्या देशाने फेरेटची विक्री आणि पैदास यांवर बंदी घातली, तर २०१६ मध्ये जाहीर झालेल्या मोहिमेत २०५० पर्यंत या तिन्ही प्राण्यांचे उच्चाटन करण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. ब्रिटनमध्ये फर-केंद्रांतून निसटलेल्या मिंकनीही तेच केले. १९५६ मध्ये डेव्हनमधील टीन नदीवर त्यांची रानातील वीण निश्चित झाली, आणि तेथील पाणउंदरांची संख्या घटण्यामागे मिंक हे एक प्रमुख कारण मानले जाते. ब्रिटनमध्ये मिंक मोकळ्यावर सोडणे आता कायद्याने गुन्हा आहे.

उत्तर आयर्लंडच्या किनाऱ्यालगतच्या रॅथलिन बेटावर १९८० च्या दशकात सशांच्या बंदोबस्तासाठी फेरेट सोडण्यात आले होते. या बेटाच्या कड्यांवर पफिन आणि इतर समुद्रपक्ष्यांची वीण होते, आणि बिळात अंडी घालणारा पफिन फेरेटच्या वाटेतच येतो. या पक्ष्यांना वाचवण्यासाठी २०२१ मध्ये बेटावर फेरेट-उच्चाटनाचा प्रकल्प सुरू झाला. सापळे लावले गेले, कॅमेरे बसवले गेले, आणि फेरेटची विष्ठा हुंगून शोधून काढण्यासाठी एका लॅब्राडोर कुत्र्याला खास प्रशिक्षण देण्यात आले.